विश्लेषण : चाकांवरच्या घराला ‘अर्थिंग’ कुठून मिळणार?

छतावर सोलर पॅनेल, आसनाखाली लिथियम बॅटरी आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर. कॅम्पर व्हॅन घेऊन माळशेज, नाणेघाट किंवा माहुलीच्या पायथ्याशी मुक्काम करणे आता अप्रूप राहिलेले नाही. पण घराला असते ते अर्थिंग रबरी टायरवर उभ्या असलेल्या गाडीला कसे द्यायचे? गाडीशेजारी लोखंडी सळई ठोकली की काम झाले, हा समज किती खरा?

नेमका धोका काय आहे?

समजा, जुलैतला शनिवार आहे. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे एका फार्महाउसच्या आवारात तुमची व्हॅन उभी आहे. दिवसभर ढग असल्यामुळे सोलरवर बॅटरी भरलेली नाही. यजमानांनी ओसरीवरच्या बोर्डातून एक्स्टेंशन दिले. फ्रिज सुरू झाला, दिवे लागले, मोबाइल चार्जिंगला लागले. सगळे व्यवस्थित.

पण घाटातल्या हादऱ्यांनी फ्रिजमागच्या वायरचे आवरण एका ठिकाणी घासले गेले आहे आणि फेजची तार गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. ओसरीवरच्या प्लगला अर्थिंग नाही. आता गाडीची संपूर्ण बॉडी २३० व्होल्टवर आहे. तरीही दिवा मिणमिणत नाही, फ्रिज बंद पडत नाही, एमसीबी ट्रिप होत नाही.

आत बसलेल्यांनाही काही जाणवत नाही. त्यांच्या आजूबाजूचा सगळा पत्रा एकाच व्होल्टेजवर आहे आणि टायरमुळे गाडी जमिनीपासून तुटलेली आहे. विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्यासारखी त्यांची स्थिती असते. धोका असतो तो उतरणाऱ्याला. एक हात दाराच्या कडीवर आणि अनवाणी पाय ओल्या गवतावर, त्या क्षणी गाडी आणि जमीन यांना जोडणारी तार म्हणजे त्याचे शरीर. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला तर २३० मिलिअँपिअर करंट वाहू शकतो. हृदयाची लय बिघडायला याहून बराच कमी करंट पुरतो.

हा विषय आताच का?

राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. हा मार्ग शहापूर तालुक्यातूनच जातो. मुंबई-नाशिक महामार्ग आणि कल्याण-मुरबाड-माळशेज रस्ता आधीपासून आहेतच. त्यामुळे आसनगाव, खर्डी, डोळखांब, सरळगाव, मोरोशी या पट्ट्यात पावसाळी पर्यटकांची गर्दी असते आणि त्यातले काही जण आता हॉटेलऐवजी गाडीतच मुक्काम करतात.

गाडी कंपनीकडून तयार आली असेल तर तिची तपासणी झालेली असते. मोटार कॅरव्हॅनसाठी देशात ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. प्रश्न उरतो तो व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये आतील वायरिंग करून घेणाऱ्यांचा. तिथे गाडीचे इलेक्ट्रिशियन १२ व्होल्टमध्ये तरबेज असतात आणि घरचे वायरमन २३० व्होल्टमध्ये. कॅम्पर व्हॅनमध्ये ही दोन्ही कामे एकाच पत्र्यावर येऊन भेटतात. गोंधळ तिथेच होतो.

घरातले अर्थिंग नेमके काय करते?

‘करंट जमिनीत जातो’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. करंटला जमिनीत जायचे नसते, त्याला जिथून निघाला तिथे परत जायचे असते. गावात ‘डीपी’ म्हणतात त्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथेच जमिनीला जोडलेला असतो. म्हणून घरात फेज उपकरणाच्या पत्र्याला लागली की करंट अर्थिंगच्या तारेतून खड्ड्यात, तिथून मातीतून डीपीपर्यंत आणि पुन्हा फेजच्या तारेत असा फेरा पूर्ण करतो. जमीन हा या फेऱ्यातला एक रस्ता आहे. करंटचा शेवटचा मुक्काम तिथे नसतो.

हा फरक लक्षात आला की गाडीचे अर्धे कोडे सुटते. कारण कॅम्पर व्हॅनला वीज दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळते. कधी फार्महाउसच्या प्लगमधून, म्हणजे डीपीवरून आणि कधी तिच्याच पोटातल्या इन्व्हर्टरमधून. दोन्ही वेळी करंटचे परतीचे ठिकाण वेगळे असते. त्यामुळे ‘अर्थिंग’चा अर्थही बदलतो.

गाडीशेजारी सळई ठोकली तर?

बरेच जण हेच करतात. थोडे गणित करून पाहू. अर्धा मीटर खोल ठोकलेल्या १६ मिलिमीटर जाडीच्या सळईचा रोध चांगल्या ओलसर मातीतही साधारण १४५ ओहम येतो. मातीचा रोध १०० ओहम-मीटर धरून काढलेला हा आकडा आहे. फेज पत्र्याला लागली तर २३० भागिले १४५, म्हणजे जेमतेम दीड अँपिअर करंट वाहील. १६ अँपिअरच्या एमसीबीला याची खबरही लागणार नाही. ‘सी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ ट्रिप व्हायला ८० ते १६० अँपिअर लागतात.

नीट तीन मीटर खोल सळई ठोकली तरी त्याच मातीत रोध ३३ ओहमच्या आसपास राहतो आणि करंट सात अँपिअर. एमसीबी तरीही शांत. शिवाय शहापूर-मुरबाडची जमीन म्हणजे दख्खनचा बसाल्ट. वर थोडी माती, खाली मुरूम आणि मग कातळ. कोरड्या मुरमाचा रोध ओल्या मातीच्या कितीतरी पट असतो. मार्च-एप्रिलमध्ये इथे अर्धा मीटर सळई ठोकणे हेच मोठे काम आणि ठोकली तरी उपयोग नगण्य.

गाडी इन्व्हर्टरवर चालत असेल तेव्हा तर सळईचा संबंधच उरत नाही. करंटला गाडीतल्या इन्व्हर्टरकडे परतायचे आहे. तो रस्ता मातीतून जातच नाही.

पेट्रोलच्या टँकरखाली लोंबणारी साखळी पाहून काही जण व्हॅनलाही साखळी लावतात. टँकरची साखळी घर्षणाने साठणारी स्थिर वीज उतरवण्यासाठी असते. २३० व्होल्टच्या बिघाडात ती काही कामाची नाही.

मग गाडी इन्व्हर्टरवर चालताना संरक्षण कसे मिळते?

इथे गाडीची चासी ‘जमिनी’चे काम करते. प्रत्येक प्लगची अर्थ पिन, फ्रिजची बॉडी, इन्व्हर्टरची बॉडी, शेगडीचा ओटा, सोलर पॅनेलची चौकट असे हाताला लागणारे सगळे धातूचे भाग जाड तारेने चासीशी एकत्र जोडायचे. याला बाँडिंग म्हणतात. सगळे एकाच व्होल्टेजवर राहिले की दोन वस्तूंना एकाच वेळी हात लागला तरी धक्का बसत नाही.

दुसरी पायरी म्हणजे इन्व्हर्टरचा न्यूट्रल चासीला जोडणे. तो जोडलेला असेल तरच बिघाडाचा करंट इन्व्हर्टरकडे परत येतो आणि आरसीसीबीला तो कळतो. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटची सतत तुलना करतो. ३० मिलिअँपिअरची तफावत आली की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. एमसीबी इथेही कुचकामी आहे. १००० वॉटचा इन्व्हर्टर मुळात चार-साडेचार अँपिअरच देतो, १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर ट्रिप होणार कसा?

मात्र एक मोठी सावधगिरी. स्वस्त इन्व्हर्टरपैकी अनेकांच्या दोन्ही आउटपुट तारा बॉडीच्या तुलनेत सुमारे ११५ व्होल्टवर असतात. त्यात खरा न्यूट्रल नसतोच. अशा इन्व्हर्टरची एक तार चासीला जोडली तर तो तिथेच जळतो. त्यामुळे ‘न्यूट्रल चासीला जोडता येतो’ असे उत्पादकाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असेल तरच हे काम करावे. नसेल तर त्या इन्व्हर्टरवर एकाच वेळी एकच उपकरण चालवणे आणि पुढे चांगला इन्व्हर्टर घेणे हाच मार्ग.

बाहेरच्या प्लगला जोडल्यावर काय बदलते?

आता वीज डीपीवरून येते आणि डीपीचा न्यूट्रल आधीच जमिनीला जोडलेला आहे. अशा वेळी गाडीतले न्यूट्रल आणि चासीचे जोड सुटलेच पाहिजेत. ते तसेच राहिले तर न्यूट्रलचा करंट वाटला जातो. अर्धा तारेतून, अर्धा गाडीच्या पत्र्यातून आणि अर्थिंगमधून. घरात आरसीसीबी असेल तर तो गाडी जोडताच पडतो. ‘तुमच्या गाडीमुळे आमची लाइट जाते’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असते. त्यावर आरसीसीबीच काढून टाकणे हा सर्वांत वाईट उपाय.

चांगल्या प्रतीच्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये यासाठी रिले असतो. बाहेरची वीज आली की तो न्यूट्रलचा जोड सोडतो, गेली की पुन्हा जोडतो. साधा इन्व्हर्टर असेल तर दोन बाजूंचा चेंजओव्हर स्विच लावून दोन्ही स्रोत पूर्ण वेगळे ठेवावे लागतात.

या स्थितीत गाडीची सुरक्षितता यजमानाच्या अर्थिंगवर अवलंबून असते. खेड्यात खांबावरून घरापर्यंत सहसा फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा येतात. अर्थिंग ज्याचे त्याने करायचे असते. वीस वर्षांपूर्वी कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्यातली पट्टी गंजून तुटलेली असू शकते. त्याहून घातक म्हणजे जुगाड. अर्थिंग नाही म्हणून बोर्डातच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून टाकणे. वरवर सगळे ठीक चालते. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटला किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, की अर्थच्या पिनमधूनच फेज थेट गाडीच्या बॉडीवर येते.

हा धोका फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये अनेक घरांना वीज कंपनी न्यूट्रल आणि अर्थ एकाच तारेतून देते. तिथल्या नियमांनुसार अशा जोडणीचा अर्थ कॅरव्हॅनला देता येत नाही. कारण तेच, ती एक तार तुटली तर पत्र्याची गाडी जिवंत होते आणि ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस मधे सापडतो. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ‘आयईसी ६०३६४’ मानकात कॅरव्हॅन पार्कसाठी ७०८ आणि कॅरव्हॅनच्या आतील वायरिंगसाठी ७२१ असे स्वतंत्र भाग आहेत. पार्कमधल्या प्रत्येक सॉकेटला ३० मिलिअँपिअरचे स्वतंत्र संरक्षण हवे, असे ७०८ सांगतो. भारतात अर्थिंगसाठी ‘आयएस ३०४३’ हे मानक आहे.

१२ व्होल्टच्या बाजूला भीती कशाची?

१२ व्होल्टने धक्का बसत नाही, आग लागते. १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या १२.८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत १.२८ युनिट वीज साठते. शॉर्ट झाल्यास ती काही क्षणांसाठी शेकडो अँपिअर ओतू शकते. पाना चुकून दोन टर्मिनलवर पडला तर तो लालबुंद होतो.

गाडीत बॅटरीचे निगेटिव्ह चासीला जोडलेले असते, त्यामुळे पॉझिटिव्ह तार पत्र्याला कुठेही घासली की शॉर्ट. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला अगदी लागून हवा. फ्यूजच्या आधी जितकी तार, तितकी ती उघडी जोखीम. १००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ८० ते १०० अँपिअर ओढतो. त्याला घरातल्या वायरिंगची तार चालत नाही.

अर्थिंगमधली एक नेहमीची चूक इथे होते. इन्व्हर्टरच्या बॉडीला चासीशी जोडायला दीड-अडीच चौरस मिलिमीटरची हिरवी तार वापरली जाते. इन्व्हर्टरच्या आत पॉझिटिव्ह बॉडीला लागला तर शेकडो अँपिअर याच तारेतून परततात आणि फ्यूज उडण्याआधी तार पेटते. ही तार बॅटरीच्या केबलच्या तोडीची जाड हवी. चासीचा जोड घेताना रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर लावून घ्यावा. कोकणातल्या या दमट पट्ट्यात रंगावर घेतलेला जोड दोन पावसाळ्यांत गंजतो.

छतावरच्या पॅनेलचे काय?

गाडीसाठीच्या १२ व्होल्टच्या पॅनेलचे उघडे व्होल्टेज २२ च्या आसपास असते. पण हल्ली घरांवरची ५०० वॉटहून मोठी पॅनेल गाडीवर बसवली जातात. अशा एका पॅनेलचे व्होल्टेज ५० च्या जवळ जाते. तीन सिरीजमध्ये जोडली की दीडशे व्होल्ट डीसी. हा जीवघेणा आकडा आहे आणि ऊन असेपर्यंत तो बंद करता येत नाही.

पॅनेलची चौकट स्क्रूने छताला बसवली म्हणजे अर्थिंग झाले, असे नाही. अॅल्युमिनियमच्या चौकटीवर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. तो थर फोडणारी क्लिप किंवा दातेरी वॉशर लावून प्रत्येक चौकट चासीशी जोडावी लागते. छत फायबरचे असेल तर स्वतंत्र तार खाली चासीपर्यंत आणायलाच हवी.

वीज कडाडत असेल तर?

मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात सह्याद्रीच्या कुशीत विजांचा कडकडाट नवा नाही. कोणतेही बाँडिंग किंवा सळई थेट पडलेली वीज थोपवू शकत नाही. मात्र पूर्ण पत्र्याची बंद गाडी बऱ्यापैकी सुरक्षित असते. वीज बाहेरच्या पत्र्यावरून वाहून जमिनीत जाते. फायबरच्या बॉडीला किंवा छतावरच्या तंबूला हे संरक्षण नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांचा इशारा देते. इशारा मिळताच बाहेरच्या वीजजोडणीची केबल काढावी, छत्री-तंबू आवरावा आणि खिडक्या लावून आत बसावे. उघड्या पठारावर किंवा एकट्या झाडाखाली गाडी लावू नये.

मुक्कामाआधी काय तपासावे?

• गाडीत बाहेरची वीज शिरते त्या ठिकाणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. चार्जर, इन्व्हर्टरसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे असल्याने तो ‘ए’ प्रकारचा घ्या. इन्व्हर्टरच्या आउटपुटलाही, न्यूट्रल चासीला जोडलेला असेल तर, दुसरा लावा.

• आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहा. पण हे बटण अर्थिंग नसतानाही काम करते. आरसीसीबी चालू आहे एवढेच ते सांगते, अर्थिंग चांगले असल्याचा तो पुरावा नाही.

• दोन पिनांचा अॅडॉप्टर किंवा दोन तारांचे एक्स्टेंशन कधीही वापरू नका. तीन पिनांच्या प्लगमधली जाड, लांब पिन सर्वांत आधी जोडली जावी म्हणूनच तशी केलेली असते.

• मल्टिमीटरवर फेज-अर्थमध्ये २३० दिसले म्हणजे अर्थिंग चांगले, असे समजू नका. मीटरला नगण्य करंट पुरतो, त्यामुळे गंजलेल्या पट्टीतूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. यजमानांनी परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा, उन्हाळ्यात घेतला तर उत्तम, कारण तेव्हाच तो सर्वाधिक असतो.

• जोडणी केल्यावर गाडीच्या बॉडीला टेस्टर लावायचा तो बाहेर जमिनीवर उभे राहून, पायात चप्पल घालून. आत उभे राहून लावलेला टेस्टर फसवतो. दिवा लागला तर गाडीला हात न लावता घराकडचा स्विच बंद करून प्लग काढा. दिवा लागला नाही म्हणजे धोका नाही, अशी खात्रीही यातून मिळत नाही.

• यजमानाच्या प्लगबद्दल शंका असेल तर तो वापरूच नका. सोलर आणि बॅटरीवर रात्र काढा, फ्रिज बंद ठेवा.

हाच हिशेब फूड ट्रकला, फिरत्या दवाखान्याला आणि मंडपाबाहेर जनरेटरवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला लागू आहे.

कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांसाठी यातला खर्च फार नाही. गाड्या उभ्या राहतात तिथे एक नवा अर्थिंगचा खड्डा, एक आरसीसीबी आणि पावसापासून झाकलेला तीन पिनांचा सॉकेट. पाहुण्यांना चहा विचारण्याआधी ओसरीवरच्या त्या जुन्या बोर्डाचे झाकण एकदा उघडून पाहायला हवे. पावसाळा सुरू होण्याआधी पाहिले तर अधिक चांगले.